ड्रायव्हरशेजारची जागा

शनिवारी पेट्रोल पुन्हा वाढलं आणि रविवारी जेवणं उरकताच थोरल्याने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, टीव्ही बंद केला. या घरात टीव्ही बंद झाला की माणसं आपोआप गोळा होतात. एवढी शांतता कशाची, ते बघायला.

आणि गोळा झाली की बसतातही ठरल्यासारखी. हे थोरल्या सुनेच्या लक्षात येऊन बरीच वर्षं झाली होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सगळे अवघडून जागा बदलत बसले असते. खिडकीकडे तोंड करून दोन खुर्च्या. एकीवर तिचा नवरा, दुसरीवर भाऊ, म्हणजे सासरे. मागे लांब सोफा. त्याच्या एका टोकाला ती, मध्ये धाकटा दीर, दुसऱ्या टोकाला धाकटी जाऊ. रोज सकाळी गाडीत बसायचे तस्सेच. नुसतं स्टिअरिंग तेवढं कमी.

एके काळी दारात तीन गाड्या उभ्या असत. पेट्रोल चढत गेलं तशा त्या उतरत गेल्या. आधी धाकट्याची विकली, मग थोरल्याची. उरली ती भाऊंची शिकवणीची गाडी, आणि तीही काही प्रेमापोटी उरली नाही. तिला गिऱ्हाईकच मिळेना. भाऊंनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, अर्धं शहर त्यांना मास्तर म्हणतं. त्या गाडीला ड्रायव्हरशेजारच्या जागेवरही क्लच आणि ब्रेक होते, शिकाऊ माणूस गडबडला तर मास्तरांना थांबवता यावी म्हणून. एक गिऱ्हाईक येऊन, वाकून, ती दुसरी पॅडलं बघून म्हणालं होतं, "शेजारी माझी बायको बसणार. नको ही गाडी." आणि गेलं.

म्हणून मग चार कमावती माणसं आणि एक निवृत्त मास्तर अशी वरात रोज त्या गाडीतून निघे. थोरला गाडी चालवायचा आणि भाऊ ती थांबवायचे. समोर कुत्रं आडवं आलं, सिग्नल पिवळा झाला, की थोरल्याच्या आधी भाऊंचा पाय पडलेला असे. मागचे तिघे एकदम पुढे झुकायचे. थोरला दात ओठ खायचा, पण बोलायचा नाही. बापाने शिकवलेली गाडी बापासमोर चालवायची म्हणजे जन्मभर परीक्षाच.

गाडीवाचून गत्यंतर नव्हतं. वसाहत हमरस्त्यापासून आत, उघड्या रानात. प्लॉट विकताना नकाशावर शाळा होती, बाजार होता, बसचा थांबा होता. नकाशावर अजूनही असेल. इथे मात्र दूध संपलं तर गाडी, डोकं दुखलं तर गाडी, आणि घरात भांडण होऊन पाय मोकळे करावेसे वाटले तर तेही गाडीनेच, कारण हमरस्त्याला पायवाटसुद्धा नव्हती. ट्रक अंगाला घासून जात.

थोरल्याने घसा साफ केला. तो कोल्ड स्टोरेजमधले कॉम्प्रेसर बघतो. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत राहून त्याला घरातही ओरडून बोलायची सवय. आज तो हळू बोलत होता, आणि थोरलीला त्याचीच धास्ती वाटली. नवरा हळू बोलू लागला की समजावं, ठरवून आलाय.

त्याने सगळं नीट मांडलं. पेट्रोलचा खर्च आता घरभाड्याएवढा झालाय आणि घर तर आपलंच आहे, मग हे भाडं आपण कुणाला देतोय? असं झकास वाक्यही टाकलं. मग मुद्द्यावर आला. कोल्ड स्टोरेज, धाकट्याचा छापखाना, धाकटीचं ऑफिस, सगळं हमरस्त्यावर एका ओळीत. एकच ठिकाण आडबाजूला. नदीपलीकडे, पुलावरून, जाता-येता टोल भरून, शिवाय पुलावर तुंबलेल्या रांगेत इंजिन चालू ठेवून. ते ठिकाण कुणाचं, हे त्याने सांगितलं नाही. सोफ्याच्या त्या टोकाकडे कुणीच बघितलं नाही, आणि ते इतक्या एकजुटीने, की तिला बोट दाखवल्यासारखंच झालं.

"काही दिवस," थोरला म्हणाला. "कायमचं नाही. भाव उतरेपर्यंत."

"काय, काही दिवस?" तिने विचारलं. कळलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पूल बंद करू या."

"पूल तुम्ही कसा बंद कराल? पुलावरून मी जाते."

"तेच म्हणतोय मी."

धाकट्याला गंभीर खोलीत फार वेळ बसवत नाही. तो म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण तुमचा पगार पुलावरच संपतो. पलीकडे पोचता तोवर तुम्ही समाजसेविका झालेल्या असता." आणि स्वतःच हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने ते हसू खोकल्यात मिसळून टाकलं.

तिला उत्तर सुचलं नाही असं नाही. पण तिचं लक्ष धाकटीकडे होतं. सकाळी भांडी पुसताना धाकटी म्हणाली होती, "ताई, तुम्ही काळजी करू नका, मी आहे तुमच्या बाजूने." धाकटीची नोकरी म्हणजे दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणं, आणि ती त्यात तरबेज होती, कुठल्याही माणसाला मी तुमच्याच बाजूची आहे असं वाटायला लावून फोन ठेवायचा. आत्ता ती नखं बघत होती. थोरली घरी राहिली तर संध्याकाळचा स्वयंपाक तयार मिळेल, घर झाडलेलं मिळेल, हे तिने नखांवर वाचलं असावं. थोरलीने तिला मनातल्या मनात दोष दिला आणि लगेच परतही घेतला. तिच्या जागी आपण असतो तर आपणही नखंच बघितली असती.

थोरली नदीपलीकडे कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माणसांच्या रिकाम्या तोंडाचे साचे पाठवायचे. ती त्यात प्लॅस्टर ओतायची, मेणाची हिरडी उभी करायची आणि तिच्यात एकेक दात बसवायची. सगळे दात सरळ रेषेत बसवले की ते खोटे दिसतात, एखादा किंचित तिरका ठेवावा लागतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं, आणि कळलं त्या दिवशी घरी येताना ती गाडीत गाणं म्हणत होती. भाऊंच्या तोंडातली वरची कवळी तिच्याच हातची. त्यांच्या लग्नाच्या फोटोत डावा सुळा जरा पुढे होता. तोही तिने तसाच ठेवला होता.

आणि तिथवर तिला पोचवलं होतं भाऊंनीच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा शिक्षण अर्धवट, बोलणं त्याहून अर्धवट. कवळ्यांच्या त्या कारखान्यात शिकाऊ बायका हव्यात असं कळलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. तिकडे रोज जाणार कशी? भाऊंनी काही न बोलता तिला शिकवणीच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. वाहन शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बायकोला मात्र गाडी येत नव्हती. का येत नव्हती, हा त्या दोघांमधला जुना प्रश्न होता आणि तो सासूबाई बरोबर घेऊन गेल्या. शेवटची कित्येक वर्षं त्या या खोलीतल्या याच खिडकीशी बसत. कुणी आलं की विचारत, "शहरात काय चाललंय?" जणू शहर म्हणजे परदेश होता. नंतर विचारेनाशा झाल्या. थोरलीने ते बघितलं होतं. या वसाहतीत गाडीविना माणसाचं काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मला काय, दोन्ही बाजू पटतात," धाकटी नखांवरून नजर उचलून म्हणाली. आणि मग, कदाचित सकाळचा शब्द टोचला असेल, तिने भर घातली. पलीकडच्या बेकरीवाल्या बाई कुंपणावरून विचारत होत्या म्हणे. त्यांची गाडी विटांवर चढवून ठेवलीय, पेट्रोल परवडत नाही. आपल्या गाडीत जागा झाली तर पेट्रोलचा तिसरा हिस्सा त्या देतील, आणि तोही महिन्याच्या पहिल्या तारखेला. मग पूल बंद करायची गरजच नाही.

खोलीतली हवा जरा हलली. थोरल्याने मनाशी काहीतरी जुळवलं, त्याचा चेहरा सैल पडला. "मागे चौथं माणूस मावेल जरा दाटीवाटीने," तो म्हणाला.

"मागे चौघं नाही चालणार, टोलनाक्यावर दंड घेतात," धाकटी म्हणाली. "शिवाय त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, तो वाकत नाही. त्यांना पुढेच..."

आणि तिने वाक्याला तिथेच करकचून ब्रेक लावला.

आता सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. एका बाजूला पूल होता, एका बाजूला पुढची जागा. दोन्हींपैकी एक सोडायचं होतं.

भाऊंची पाठ सोफ्याकडे होती. थोरलीला त्यांची मान दिसत होती, नुकतेच केस कापलेली, कानामागे साबणाचा वाळलेला ठिपका. ती वाट बघत बसली. आता ते बोलतील. नेहमी तेच बोलत आले. धाकट्याच्या लग्नाला नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी एका वाक्यात गप्प केलं होतं. तिला रात्रपाळी लागली तेव्हा, "तिची पाळी, तिचा प्रश्न, आपण फक्त दार उघडायचं," हे तेच म्हणाले होते. आत्ताही म्हणतील: अरे, मी कुठे कामाला जातो, बसू दे त्या बाईंना. त्यांनी म्हटलं की आपण नको म्हणू, ते पुन्हा म्हणतील, मग आपण मान खाली घालू, आणि सगळं मानाने पार पडेल.

भाऊंनी घसा खाकरला.

"काही दिवसांचाच प्रश्न आहे, सूनबाई," ते म्हणाले. "भाव चढतात तसे उतरतात. तोवर घरी जरा विश्रांती होईल तुला."

हे त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं. मागे वळले नाहीत. आयुष्यभर लोकांना वळण्याआधी मागे बघायला शिकवलेला माणूस.

तिला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग उमगलं, आणि रागाच्या आधी तिला त्यांची कीव आली, कारण तिने त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच बघितलं. रोज सकाळी भाऊ शहरातल्या मोठ्या चौकात उतरत. चौकात चष्मेवाल्याचं दुकान. लायसन्स काढणाऱ्यांना नजर तपासल्याचा दाखला लागतो, तो भाऊंकडे शिकणारी पोरं याच्याकडून घेत. त्यातून जमलेली ती दोस्ती. दुकानाबाहेर दोन खुर्च्या पडत. दिवसभर माणसं येत, मास्तरांना नमस्कार करत, कुणी परीक्षेला कुठल्या खुणा विचारतात ते विचारत, कुणी नवी गाडी घेऊ की जुनी ते विचारत. संध्याकाळी गाडी परतताना त्यांना उचलून घेई, तेव्हा भाऊ सगळ्या गाडीला पुरतील एवढ्या बातम्या घेऊन बसत. ते सगळं त्या एका जागेवर टेकलेलं होतं. जागा गेली की ते याच खिडकीशी येणार. आपल्या बायकोच्या खिडकीशी. हे भाऊंना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते तिला तिथे बसवायला निघाले होते.

दोघांतलं एक जण. बास, एवढंच होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला कामाला जायचं नसतं."

आवाज चढवला नव्हता. रडलीही नाही. दात बसवताना ती जशी हात स्थिर धरते तसा तिने आवाज धरला होता. पण म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की असलं वाक्य या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, आणि ते आता कायम या खोलीत राहणार, सोफ्यासारखं.

धाकट्याने छताकडे बघितलं. थोरला म्हणाला, "अगं."

भाऊ खुर्चीवरून उठले. उठताना खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला, आणि मग वळले. त्यांच्या तोंडावर हसू होतं, तिने बनवलेल्या दातांचं, पुढे आलेल्या सुळ्यासकट.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "गाडी कामाला जाणाऱ्यांची. मी म्हणणारच होतो."

सगळ्यांनी हे खरं धरलं. खरं धरणं सोयीचं होतं.

त्यानंतरची दुपार त्यांनी गाडीखाली काढली. म्हणजे गाडीच्या आत, पुढच्या जागेवर उलटे झोपून, डोकं पॅडलांशी आणि पाय दाराबाहेर. परक्या बाईचा पाय चुकून ब्रेकवर पडला तर अपघात व्हायचा, म्हणून ती दुसरी पॅडलं काढून टाकायला हवीत, असं ते म्हणाले. धाकटा मदतीला गेला, त्याला त्यांनी पाना द्यायला ठेवून घेतलं आणि एकही पाना मागितला नाही. नट गंजलेले होते. बाहेरून नुसते त्यांचे मोजे दिसत होते आणि मधूनमधून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज.

बेकरीवाल्या बाई चहाला आल्या. गोल चेहऱ्याची, मोकळी बाई; भुवयांत कायम पीठ. येताना बिस्किटांचा पुडा आणला होता. आल्या आणि लंगडत, "हुश्श" करत, पहिली दिसली त्या खुर्चीवर बसल्या. तीच खुर्ची. त्यांना कुठे माहीत. "मला खरंच वाटलं नव्हतं तुम्ही हो म्हणाल," त्या म्हणाल्या. "मी तर नोकरी सोडायची तयारी केली होती. भट्टीपुढे उभं राहून माझी हयात गेली, आता घरात बसून काय भिंती भाजू?" थोरलीने त्यांच्या कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. बाईंचा तिला राग येईना, हीच अडचण होती.

स्वयंपाकघरात धाकटीने डोळे टिपले. "मला तर भडभडून आलं, ताई. भाऊंकडे बघवेना." आणि त्याच श्वासात विचारलं की मागची खिडकीची जागा आहे तशीच राहणार ना, कारण मध्ये बसलं की तिला मळमळतं.

नवरा अंगणात भेटला, वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने. तारेच्या पलीकडे तो, अलीकडे ती, मध्ये चादर.

"तू असं बोलायला नको होतंस," तो म्हणाला.

"मग कुणी बोलायचं होतं?"

"कुणीच नाही."

चादरीआडून त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिने चिमटे काढले, चादर घडी करायला त्याने दुसरं टोक धरलं, दोघं एकमेकांकडे चालत आले, जसं घडी करताना यावं लागतं. जवळ आल्यावर तो म्हणाला, हळूच, "पण सुटलो एकदाचे," आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ती समजली. सुटले सगळेच होते. धाकट्याचं सुटलं, धाकटीचं सुटलं, याचं सुटलं. आणि उद्यापासून कुणालाही भाऊंकडे बघून वाईट वाटलं की दोष द्यायला ती होती. घरातल्या घरात ती सोय झाली होती, आणि तिला पेट्रोल लागत नव्हतं.

संध्याकाळी तिने भाऊंना विचारलं, चष्मेवाल्यांना फोन लावून देऊ का. "मी सांगेन त्याला," ते म्हणाले. हाताला काळं ग्रीस होतं, ते चिंधीने पुसत होते आणि ते आणखी पसरत होतं.

सोमवारी सकाळी भाऊ नेहमीसारखे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून बाहेर आले. सगळ्यांनी एकदम पुढच्या जागेकडे बघितलं. पण ते गाडीकडे गेले नाहीत. फाटक उघडून रस्त्यात उभे राहिले आणि गाडी मागे घेताना हाताने खुणा करत राहिले, येऊ दे, येऊ दे, थोडं तुझ्या बाजूला, बस. थोरला बारा महिने त्या फाटकातून गाडी काढत होता, त्याला खुणांची गरज नव्हती. तरी त्याने प्रत्येक खूण पाळली.

गाडीत बेकरीवाल्या बाईंनी बोलायचा थोडा प्रयत्न केला, हवेबद्दल, भावांबद्दल. गाडी एकदाही गचकन थांबली नाही. कुत्री आडवी आली, सिग्नल पिवळे झाले, थोरला आपल्या वेळेला ब्रेक लावत गेला, आणि मागे बसलेल्या तिघांनी प्रत्येक वेळी उगाचच पुढची पाठ धरली.

मोठ्या चौकात सिग्नल हिरवा होता. थोरलीच्या बाजूला चष्म्यांचं दुकान. शटर अर्धं वर, बाहेर दोन खुर्च्या मांडलेल्या, आणि चष्मेवाला पायरी उतरून रस्त्याच्या कडेला आला होता, रोज यायचा तसा, गाडीचं दार उघडून द्यायला. भाऊंनी त्याला सांगितलंच नव्हतं. गाडीचा वेग कमी झाला नाही. थांबून पुन्हा निघायला किती पेट्रोल जातं हे आता सगळ्यांना माहीत होतं. चष्मेवाल्याने वाकून पुढच्या काचेतून आत बघितलं. पिठाच्या भुवयांची एक अनोळखी बाई दिसली असणार. दाराकडे गेलेला त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग मागची काच त्याच्या समोरून गेली आणि त्याची आणि थोरलीची नजरानजर झाली. त्याने भुवया उंचावल्या, विचारल्यासारख्या. माणूस आजारी आहे की गेला, असंच काहीसं. तिला मान हलवून नाही म्हणता आलं असतं. एवढं तर आलंच असतं. पण गाडी पुढे निघून गेली, आणि ती समोरच्या पाठीकडे बघत राहिली.

त्या दिवशी कारखान्यात तिने एका म्हाताऱ्या शिक्षिकेची कवळी पुरी केली. हात नेहमीसारखा चालला. तो चालला याचंच तिला दुपारी जेवताना वाईट वाटलं.

परतीच्या वेळी दुकानाचं शटर खाली होतं. खुर्च्या आत गेलेल्या.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. भाऊ ओट्यावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. दिवसभरात ते काढले नव्हते, की काढून गाडीच्या आवाजाला पुन्हा चढवले, कळायला मार्ग नव्हता. बाकीचे त्यांना ओलांडून आत गेले, प्रत्येक जण काहीतरी बोलून: भूक लागली, उकडतंय, पाणी आलं का. ती तेवढी पायरीवर टेकली. पिशवी मांडीवर घेतली.

सांगायला काहीतरी हवं म्हणून ती सांगू लागली. पुलावर आज रांग कमी होती. हमरस्त्याच्या वळणावर खोदून ठेवलंय, एकच बाजू सुरू आहे. सिग्नलचा एक दिवा...

"रस्ता पाठ आहे मला," भाऊ म्हणाले. रागाने नाही. "माणसांचं सांग."

दिवसभरात किती माणसं दिसली असतील. एकाचाही चेहरा आठवेना. एकाचाच आठवत होता.

"तो होता का उभा? चौकात?"

समोरच्या घरातून कुणीतरी बादली ओतल्याचा आवाज आला. भाऊ तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकं उघडं मागणं होतं, की खरं सांगितलं तर ते त्या हवेतल्या हातापाशी रोज बसून राहतील असं तिला वाटलं. निदान पुढे तिने स्वतःला असंच समजावलं. त्या क्षणी तिला नुसतं उठून आत जायचं होतं.

"दिसले नाहीत," ती म्हणाली. "गर्दी होती."

शिकवताना भाऊ खूप काही चालवून घ्यायचे. गिअर खरडला तरी, गाडी बंद पडली तरी, कुणाचं कुंपण पाडलं तरी ते हसायचे. एकच उत्तर त्यांनी कधी कुणाकडून घेतलं नव्हतं, ना पोरांकडून, ना सुनांकडून. दिसलं नाही, म्हणणाऱ्याला ते गाडीतून उतरवत आणि उरलेला रस्ता पायी चालायला लावत. तिलाही एकदा लावला होता.

भाऊ वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

"असेल," ते म्हणाले. "गर्दीत नाही दिसत कधी कधी."